नादारीचा अर्ज आणि नादारीच्या नोंदी: महाराष्ट्रात कुठे जायचं, कुठे शोधायचं

कर्ज थकलं की सल्ले देणाऱ्यांची रांग लागते. कोणी म्हणतं सिमकार्ड बदल, कोणी म्हणतं घर बायकोच्या नावावर करून टाक, कोणी तिसऱ्याकडून उचलून दुसऱ्याचं भागवायला सांगतं. प्रामाणिकपणे बुडालेल्या माणसासाठी कायद्याने शंभर वर्षांपूर्वीच एक वाट ठेवली आहे आणि ती आपल्याच जिल्हा न्यायालयात आहे, हे मात्र क्वचितच कोणी सांगतं. ती वाट सोपी नाही, झटपटही नाही. पण ती आहे, आणि तिच्यावरून जाण्यात गुन्हा नाही. कर्जात अडकलेली माणसं, त्यांचे जामीनदार आणि ज्यांचे पैसे बुडाले आहेत ते लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत.

साधा नोकरदार किंवा दुकानदार भारतात दिवाळखोरी जाहीर करू शकतो का?

हो. कोर्टाच्या भाषेत त्याला नादारी म्हणतात.

गोंधळ होतो तो २०१६ च्या नादारी व दिवाळखोरी संहितेमुळे. पेपरात बातम्या येतात त्या या संहितेच्या आणि त्या बहुतेक कंपन्यांच्या असतात. संहितेत व्यक्तींसाठी स्वतंत्र भाग आहे, पण तो आजवर फक्त कंपन्यांच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांनाच लागू झाला आहे, तोही १ डिसेंबर २०१९ पासून. बाकी सगळ्यांना अजून जुनेच दोन कायदे लागू आहेत: मुंबईसाठी १९०९ चा प्रेसिडेन्सी टाउन्स इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी १९२० चा प्रोव्हिन्शियल इन्सॉल्व्हन्सी अ‍ॅक्ट.

संहितेत अगदी गरीब कर्जदारासाठी ‘नवी सुरुवात’ नावाची तरतूद लिहून ठेवली आहे. वर्षाचं उत्पन्न ६०,००० रुपयांपर्यंत, मालमत्ता २०,००० पर्यंत, कर्ज ३५,००० पर्यंत आणि स्वतःचं घर नसलेल्या माणसाला त्यातून मोकळं होता आलं असतं. ती अजून कागदावरच आहे. बचत गटाच्या आणि मायक्रोफायनान्सच्या हप्त्यांखाली दबलेल्या किती बायकांना तिचा आधार झाला असता, हे गावोगावी दिसतं. ती लागू व्हायलाच हवी.

मग मी कोणत्या कोर्टात जायचं?

मुंबई शहर आणि उपनगरांत राहत असाल किंवा तिथे धंदा करत असाल तर मुंबई उच्च न्यायालयात. ठाणे, कल्याण, वसई, पनवेल हे रोजच्या बोलण्यात ‘मुंबई’ असलं तरी या कामासाठी मुंबई नाही. तिथल्या माणसाने आपापल्या जिल्हा न्यायालयात जायचं. बाकी महाराष्ट्रातही तेच. काही ठिकाणी हे अधिकार खालच्या दिवाणी न्यायालयाला दिलेले असतात, म्हणून अर्ज टाइप करून घेण्याआधी न्यायालयाच्या फायलिंग खिडकीवर एकदा विचारून घ्या.

मूळ गाव कुठलं हे महत्त्वाचं नाही. तुम्ही सहसा राहता कुठे, धंदा किंवा नोकरी कुठे करता, यावर कोर्ट ठरतं. मूळचा माण तालुक्यातला माणूस पंधरा वर्षं पिंपरीत नोकरी करत असेल तर त्याचं कोर्ट पुण्याचं.

प्रायव्हेट लिमिटेड कंपनी किंवा एलएलपी (मर्यादित जबाबदारीची भागीदारी) असेल तर राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण, म्हणजे एनसीएलटी. महाराष्ट्र आणि गोव्यासाठी त्याचं मुंबई खंडपीठ आहे.

माझ्या दुकानाला वेगळं नाव आहे, जीएसटी नंबर आहे. मी कंपनी झालो का?

नाही. एकट्याच्या मालकीचं दुकान म्हणजे कायद्याच्या नजरेत तुम्हीच. दुकानाचं कर्ज ते तुमचं कर्ज, आणि अर्ज तुमच्या नावाने.

किमान किती कर्ज असावं लागतं?

रक्कम ऐकून लोक दचकतात: ५०० रुपये. हे आकडे त्या काळातले आहेत आणि कोणी बदललेले नाहीत. मुख्य अट अशी की तुम्ही कर्ज फेडू शकत नाही, आणि त्याशिवाय तीनपैकी एक गोष्ट असावी: कर्ज ५०० रुपये किंवा त्याहून जास्त, किंवा पैशांच्या हुकूमनाम्यावरून (पैसे द्या असा दिवाणी कोर्टाचा निकाल) अटक झालेली, किंवा मालमत्तेवर जप्तीचा आदेश असलेला. कर्जदाराने स्वतःच अर्ज केला असेल तर फेडता येत नाही हे प्रथमदर्शनी दिसलं तरी कोर्टाला पुरतं.

सावकार, बँक, व्यापारी अशा धनकोलाही तुमच्याविरुद्ध असा अर्ज करता येतो. त्यासाठी तुमच्या हातून कायद्यातलं एखादं ‘नादारीचं कृत्य’ झालेलं असावं लागतं, उदाहरणार्थ धनकोंना चुकवण्यासाठी घर सोडून जाणं किंवा आपण पैसे देणं थांबवलंय असं त्यांना कळवणं. त्यानंतर तीन महिन्यांच्या आत त्याने अर्ज करायला हवा.

अर्जात काय काय लिहावं लागतं?

सगळं. इथेच अर्ज टिकतो किंवा पडतो, म्हणून जरा सविस्तर.

समजा, कराडमध्ये शिलाईचं दुकान चालवणारा एक माणूस आहे. लॉकडाऊननंतर धंदा बसला. त्याने वहीत मधोमध रेघ मारून दोन याद्या करायच्या. डावीकडे देणी: पतसंस्थेचं कर्ज किती, त्याला जामीनदार कोण, बँकेचं मुद्रा कर्ज, क्रेडिट कार्ड, मोबाइल अ‍ॅपवरून घेतलेलं कर्ज, कापडाच्या व्यापाऱ्याची उधारी, मेव्हण्याकडून हातउसने घेतलेले पैसे, थकलेलं भाडं. प्रत्येकाचं नाव, पत्ता आणि रक्कम. उजवीकडे मालमत्ता: मशिनं, दुचाकी, वडिलोपार्जित जमिनीतला हिस्सा, भिशीत भरलेली रक्कम, आणि दुसऱ्यांकडून येणं असलेले पैसेसुद्धा. प्रत्येकाची अंदाजे किंमत आणि ती वस्तू कुठे आहे ते. शिवाय हे सगळं कोर्टाच्या हवाली करायला तयार आहे असं निवेदन, हिशेबाच्या वह्यांचा तपशील, आणि पूर्वी कधी असा अर्ज केला होता का, त्याचं काय झालं, हेही.

मेव्हण्याचे पैसे बहुतेक जण लिहीत नाहीत. नात्यातलं आहे, बघून घेऊ, असं वाटतं. तसं करू नका. यादीतून एक धनको गाळला की पुढे प्रत्येक आकड्यावर संशय येतो. मालमत्ता लपवणं किंवा खोटे हिशेब दाखवणं हा तर या कायद्याखाली गुन्हा आहे आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

अर्ज दाखल केला की वसुलीचे फोन बंद होतात का?

लगेच नाही. खरं संरक्षण नादार ठरवणारा आदेश झाल्यावर सुरू होतं. त्यानंतर तुमची मालमत्ता कोर्टाच्या किंवा त्याने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते (मुंबईत ऑफिशियल असायनी या अधिकाऱ्याच्या), आणि कोर्टाच्या परवानगीशिवाय कोणताही धनको त्या कर्जासाठी नवा दावा लावू शकत नाही. चालू दाव्यात आदेशाची प्रत दाखवली की ते कोर्ट एकतर दावा थांबवतं किंवा अटी घालून चालू ठेवतं. अटकेपासून संरक्षणाचा वेगळा आदेशही मागता येतो आणि तो मागायलाच हवा.

मधल्या काळात फोनचा त्रास असेल तर रिझर्व्ह बँकेचा नियम लक्षात ठेवा: बँक किंवा वित्तसंस्थेच्या वसुली एजंटाने सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करायचा नाही, धमकी द्यायची नाही, नातेवाइकांसमोर अपमान करायचा नाही. आधी बँकेकडे लेखी तक्रार करा. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे पैसे लागत नाहीत.

घरातलं काय काय नेतात?

दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ६० ने ज्या वस्तूंना जप्तीतून वगळलंय त्या नादारीतही वगळल्या जातात. अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण-पांघरूण. धर्माच्या रीतीप्रमाणे जो दागिना बाईला अंगावरून उतरवता येत नाही तो, म्हणजे मंगळसूत्र. कारागिराची हत्यारं, वरच्या उदाहरणातल्या माणसाचं स्वतः चालवायचं शिलाई मशीन यात बसतं. शेतकऱ्याची अवजारं, बैल, आणि तो राहतो ते घर. भविष्यनिर्वाह निधी, आयुर्विम्याचे पैसे, सरकारी पेन्शन, मजुराची मजुरी.

ही यादी दोनदा वाचून घ्या, कारण घाबरलेला माणूस सगळ्यात आधी पीएफ मोडतो आणि मंगळसूत्र गहाण टाकतो. म्हणजे ज्याला धनको हात लावू शकला नसता तेच स्वतःच्या हाताने देऊन बसतो.

फ्लॅट गहाण आहे. तो वाचेल का?

नादारीने नाही. ज्याच्याकडे तारण आहे त्याचा तारणावरचा हक्क तसाच राहतो. सरफेसी कायद्याखाली, म्हणजे दावा न लावता तारणातून वसुली करू देणाऱ्या कायद्याखाली, बँक आधी ६० दिवसांची मागणी नोटीस देते आणि मग ताबा घेण्याकडे वळते. ताब्याच्या कारवाईविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे, म्हणजे डीआरटीकडे, जाता येतं. मुंबई, पुणे, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे ही न्यायाधिकरणं आहेत. गृहकर्ज हेच एकमेव दुखणं असेल तर नादारीचा विचार सोडा आणि बँकेशी एकरकमी परतफेडीचं बोला.

अर्जाआधी घर भावाच्या किंवा बायकोच्या नावावर केलं तर?

करू नका. नादार ठरण्याआधीच्या दोन वर्षांत मोबदल्याशिवाय केलेलं हस्तांतरण कोर्ट रद्द करू शकतं. एकाच धनकोला झुकतं माप देऊन शेवटच्या तीन महिन्यांत केलेली परतफेडही रद्द होऊ शकते. शिवाय प्रामाणिकपणाची जी एक जमेची बाजू होती तीही गेलेली असते.

बायकोचं स्त्रीधन तिचंच असतं, आणि ती सहकर्जदार किंवा जामीनदार नसेल तर तुमचं कर्ज तिच्यावर येत नाही. तिच्या सह्या कुठे कुठे घेतल्या आहेत ते मात्र कागद काढून बघा. ‘इथे फक्त साक्षीदार म्हणून सही’ असं सांगून सहकर्जदाराच्या रकान्यात सही घेतल्याचं नंतर कळतं.

माझ्या जामीनदाराचं काय होईल?

हा प्रश्न विचारणारी माणसं मला सगळ्यात जवळची वाटतात, कारण स्वतः बुडत असताना ती दुसऱ्याचा विचार करत असतात. उत्तर वाईट आहे. तुम्ही नादार ठरलात, पुढे मुक्तही झालात, तरी जामीनदार सुटत नाही. करार कायद्याप्रमाणे त्याची जबाबदारी तुमच्याइतकीच असते.

पतसंस्थेच्या कर्जात हे फार जाचतं. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली वसुली दाखला निघतो तो कर्जदारासोबत जामीनदारांवरही, आणि जामीनदार पगारदार असेल तर वसुली अधिकारी आधी त्याच्या पगाराकडे वळतो. म्हणून अर्ज करण्याआधी जामीनदाराला घरी जाऊन सांगा. त्याला नोटीस आल्यावर कळणं आणि तुमच्या तोंडून कळणं यात फार फरक आहे. कलम १०१ ची नोटीस आली की तिथे हजर राहून व्याजाचा हिशेब मागायचा हक्क त्यालाही आहे.

कर्ज फेडलं नाही म्हणून तुरुंगात टाकतात का?

नुसतं फेडता येत नाही म्हणून नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये जॉली जॉर्ज व्हर्गीस प्रकरणात हे स्पष्ट केलं: ऐपत असून टाळाटाळ केली असेल तरच दिवाणी कैद. ५,००० रुपयांच्या वरच्या हुकूमनाम्यात ती जास्तीत जास्त तीन महिने. पैशांच्या हुकूमनाम्यासाठी स्त्रीला अटक करताच येत नाही. आणि अटक करून आणलेल्या माणसाला ‘तू नादारीचा अर्ज करू शकतोस’ हे सांगणं कोर्टाचं कर्तव्य आहे. महिन्याभरात अर्ज करीन अशी हमी आणि तारण दिलं तर त्याला सोडताही येतं.

न वटलेल्या चेकचा खटला वेगळा. तो फौजदारी आहे आणि नादारीच्या अर्जाने थांबत नाही.

शेवटी कर्जातून मोकळं कधी व्हायचं?

अमुक वर्षं झाली की आपोआप मुक्तता, असं जुन्या कायद्यात नाही. कोर्ट आदेशातच मुदत घालून देतं, त्या मुदतीत मुक्ततेचा अर्ज तुम्हालाच करायचा असतो. तो केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होतो आणि सगळे धनको पुन्हा दारात उभे राहतात. ती तारीख भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवा.

जिल्ह्यांसाठीच्या कायद्यात रुपयाला आठ आण्यांचा, म्हणजे निम्म्या फेडीचा, हिशेब आहे. तुमची मालमत्ता निम्म्या कर्जाला पुरत नसेल, तर ही स्थिती तुमच्या हाताबाहेरच्या कारणांनी आली हे पटवावं लागतं. आजारपण, दुष्काळ, मोठ्या गिऱ्हाइकाने बुडवणं, याचे कागद जपून ठेवा. सट्टा, जुगार, बेफाम उधळपट्टी किंवा हिशेब न ठेवणं हे मुक्ततेच्या आड येतं. सरकारी देणी, फसवणुकीतून झालेलं कर्ज आणि बायको-मुलांची पोटगी मुक्ततेनंतरही माफ होत नाही.

नादार असताना कशाला बंदी असते?

आमदार-खासदार होता येत नाही, ग्रामपंचायत सदस्य होता येत नाही, कंपनीचं संचालक होता येत नाही. ‘मी नादार आहे’ हे न सांगता ५० रुपये किंवा त्याहून जास्त उधार घेतलं तर तो गुन्हा आहे. हाही आकडा जुनाच. सरकारी नोकरीत असाल तर कार्यालयाला कळवणं बंधनकारक आहे.

एखाद्या माणसाची नादारीची नोंद कशी शोधायची?

सगळ्या देशाची एकच यादी नाही. तीन-चार ठिकाणी बघावं लागतं.

पहिलं, ई-कोर्ट्सचं संकेतस्थळ किंवा मोबाइल अ‍ॅप. राज्य, जिल्हा, न्यायालय संकुल निवडा, मग पक्षकाराच्या नावाने शोधा. नावाची किमान तीन अक्षरं आणि नोंदणीचं वर्ष लागतं. वर्ष माहीत नसेल तर एकेक वर्ष बदलत जा, आणि ‘प्रलंबित’सोबत ‘निकाली’ही बघा. नाव बहुधा इंग्रजीत टाकलेलं असतं आणि स्पेलिंगचा भरवसा नाही. चौगुले, क्षीरसागर, म्हेत्रे अशी आडनावं तीन-चार तऱ्हांनी लिहिलेली सापडतात. आडनावापेक्षा पहिल्या नावाने लवकर हाती लागतं. प्रकरण सापडलं की १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक टिपून घ्या, पुढे सगळं त्यावर चालतं.

दुसरं, मुंबईचा माणूस असेल तर उच्च न्यायालयाच्या संकेतस्थळावर मूळ शाखेतली इन्सॉल्व्हन्सी प्रकरणं. तिसरं, महाराष्ट्र शासन राजपत्र: नादार ठरवल्याची सूचना नाव-पत्त्यासह त्यात छापावी लागते. जुन्या आदेशांसाठी हाच खात्रीचा कागद.

कंपनीच्या कर्जाला हमी दिलेला माणूस असेल तर चौथं ठिकाण: एनसीएलटीचे आदेश आणि नादारी मंडळाच्या (आयबीबीआय) संकेतस्थळावरच्या जाहीर सूचना.

आदेशाची प्रत हवी आहे. माहिती अधिकारात मिळेल?

न्यायालयीन कागदांसाठी माहिती अधिकाराऐवजी न्यायालयाच्या नियमांनी नक्कल मागायची, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये सांगितलं आहे. नक्कल विभागात अर्ज आणि शुल्क भरा. तुम्ही त्या प्रकरणात पक्षकार नसाल तर प्रत कशासाठी हवी ते लिहावं लागतं.

नाव कुठेच सापडलं नाही. म्हणजे माणूस सुस्थितीत आहे?

तसं समजू नका. आपल्याकडे नादारीचे अर्ज कमीच होतात. त्या माणसावरचे पैशांचे दावे, दरखास्ती (हुकूमनाम्याच्या वसुलीचे अर्ज) आणि चेकचे खटले ई-कोर्ट्सवर बघा, त्यातून जास्त कळतं. सिबिलचा अहवाल दुसऱ्याचा काढता येत नाही. मात्र १ कोटी आणि त्यावरच्या कर्जांचे दाखल दावे, तसंच २५ लाख आणि त्यावरचे हेतुपुरस्सर कर्जबुडवे, यांच्या याद्या सिबिलच्या संकेतस्थळावर कोणालाही बघता येतात. स्वतःचा अहवाल वर्षातून एकदा चारही पतमाहिती कंपन्यांकडून फुकट मिळतो.

बिल्डर दिवाळखोरीत गेलाय. माझं बुकिंग आहे.

घाई करा. कंपनीचं प्रकरण दाखल करून घेतलं गेलं की कंपनीचा कारभार हाती घ्यायला एनसीएलटीने नेमलेला हंगामी व्यावसायिक वर्तमानपत्रांत जाहीर सूचना देतो, एका इंग्रजी आणि एका प्रादेशिक भाषेतल्या. तीच आयबीबीआयच्या संकेतस्थळावरही असते. दावा सांगायला साधारण १४ दिवस मिळतात. २०१८ च्या दुरुस्तीपासून घर घेणारे हे वित्तीय धनको मानले जातात, म्हणजे धनकोंच्या समितीत त्यांचा आवाज असतो. त्यांचा दावा ‘सीए’ नमुन्यात भरायचा, सोबत करारनामा आणि भरलेल्या रकमांच्या पावत्या. कंपनी कार्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीची सद्यस्थितीही दिसते. अशा प्रकल्पांची यादी महारेराने २०२३ मध्ये प्रसिद्ध केली होती. फ्लॅट बुक करण्याआधी एवढी शोधाशोध जरूर करा.

ज्याने माझे पैसे घेतले तो माणूस नादार ठरला. मला काही मिळेल?

कर्जाच्या पुराव्याचं प्रतिज्ञापत्र कोर्टाला द्या. जिल्ह्यात ते नोंदणीकृत टपालानेही पाठवता येतं. चिठ्ठी, बँकेतली नोंद, मेसेज, जे असेल ते जोडा. मालमत्ता विकून जे येईल ते आधी अग्रक्रमाच्या देण्यांना आणि मग सगळ्यांना प्रमाणात वाटलं जातं. पूर्ण रक्कम मिळेल अशी आशा ठेवू नका, पण दावा न सांगता घरी बसलात तर काहीच मिळणार नाही.

इंटरनेटवर ‘चॅप्टर ७’ आणि ‘चॅप्टर १३’ वाचलं. ते इथे चालतं?

नाही, ते अमेरिकेचे कायदे आहेत.

मग मी अर्ज करावा की नाही?

धनको एकच असेल तर बहुधा नको. तडजोड करा, लोकअदालतीत जा. बेकायदा सावकार मागे लागला असेल तर २०१४ च्या सावकारी नियमन कायद्याखाली सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करा. परवाना नसलेल्या सावकाराने लुबाडलेली जमीन परत मिळवण्याची सोय त्या कायद्यात आहे. पण धनको अनेक आहेत, हुकूमनामे झालेत, जप्ती येऊ घातली आहे आणि पगारातून व्याजही भागत नाही, अशी स्थिती असेल तर नादारीचा अर्ज हा लाजेचा नव्हे, हक्काचा मार्ग आहे.

‘सगळं कर्ज माफ करून देतो’ म्हणून आगाऊ फी मागणाऱ्या एजंटांना एक रुपयाही देऊ नका. प्रत्येक जिल्हा न्यायालयाच्या आवारात जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय असतं. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्ती यांना उत्पन्नाची अट न घालता, आणि वर्षाला ३ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतरांनाही, तिथे मोफत वकील मिळतो. १५१०० या क्रमांकावर फोन केला तरी चालतं. जाताना देण्यांची आणि मालमत्तेची ती दोन रकान्यांची वही आणि आलेल्या सगळ्या नोटिसा सोबत न्या, न उघडलेली पाकिटंसुद्धा.